काठ कोणाचा?

एरंडोल हे अंजनीच्या काठचे गाव. खानदेशातील पुष्कळ नद्यांप्रमाणे हीही पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. अशा नदीच्या काठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा उभे असले म्हणजे त्यांची मुळे दरडीतली माती धरून ठेवतात. खाली निरगुडी-लव्हाळ्यांची दाटी असेल तर पुराचा वेग मोडतो, गाळ तिथेच बसतो. पद्मालयाच्या डोंगरातले जंगल वनखात्याकडे आहे. शेताच्या कडेची ही रांग मात्र बहुधा ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यात मोडते.

आता काठचा शेतकरी म्हणतो, "झाड माझ्या बांधावर. सावलीनं माझी कपाशी खुरटते, पाखरं माझी ज्वारी खातात. तोडलं तर बिघडलं कुठं?" आपण त्याला स्वार्थी म्हणून मोकळे होतो. पण त्याचे म्हणणे खोटे नाही हो! त्याची दरडही त्याच मुळांवर टिकते, हे खरे. परंतु दरड ढासळायला काही पावसाळे जावे लागतात, सावली ह्याच हंगामात पडते. शिवाय सावलीचा तोटा त्याचा एकट्याचा, मुळांचा लाभ खालच्या सगळ्या शेतांचा. त्याला त्याग सांगायला जाणारे आपण पदरचे काय देतो?

१९६४ च्या कायद्याने जांभूळ, चिंच, मोह अशी ठरावीक झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. कायदा तोडणाऱ्याला अडवतो. राखणाऱ्याची तूट भरून देत नाही.

आणि राखणे म्हणजे झाडाला हातच लावायचा नाही, असेही नव्हे. वाळले लाकूड न्यावे, करंजाच्या शेंगा वेचाव्यात, फांद्या पाळीपाळीने छाटाव्यात, खोड-मूळ सोडावे. नवी रोपे दोन-तीन पावसाळे शेळ्यांपासून सांभाळावीत, हे खरे कष्टाचे काम. वनमहोत्सव १९५० पासून होतात. १ जुलै २०१६ रोजी राज्याने दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. चांगलेच आहे. लावणाऱ्याचे छायाचित्र निघते. आपोआप उगवलेले जांभूळ ज्याने वाढू दिले, त्याला कोण विचारतो?

माझ्या मते सावलीतल्या चार ओळींचे पीक खालच्या शेतकऱ्यांनी त्याला भरून द्यावे. कडब्याच्या पेंढ्या, नांगरटीला एक दिवस बैलजोडी, जे गावाला झेपेल ते. किती द्यायचे हे पेरणीपूर्वी पारावर बसून ठरवता येईल.