भाग बदलले तरी संगणक तोच का?

सुटे भाग आणून जोडलेला संगणक, म्हणजेच ‘असेंबल्ड पीसी’, क्वचितच एकदम मोडीत निघतो. आधी रॅम वाढते, मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी येते, नंतर ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस बदलतात आणि शेवटी प्रोसेसरसकट मदरबोर्डही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली हौशी मंडळींना ठाऊक असते ती अशा सुट्या भागांसाठीच. काही वर्षांनी मूळच्या यंत्रातले कॅबिनेट तेवढे उरते, तरी घरात त्याला ‘जुना पीसी’च म्हणतात. सगळे भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला प्राचीन प्रश्न इथे टेबलावर येऊन बसतो.

ग्रीक परंपरेत हा प्रश्न दंतकथेतला वीर थीसियस याच्या जहाजावरून विचारला गेला. अथेन्सकरांनी ते जपून ठेवले होते आणि कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या जात होत्या. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की, ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले होते. भारतात ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात जवळचा प्रश्न रथाविषयी येतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, रथातून आलेला असतो. भिक्षू नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. प्रत्येक उत्तर नकारार्थी येते. निष्कर्ष असा की ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातले नाव आहे, आणि ‘नागसेन’ हेही तसेच.

न्याय दर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, हे भागांहून वेगळे द्रव्य असते आणि ते भागांत समवाय संबंधाने राहते. न्यायसूत्रांतला एक युक्तिवाद अगदी व्यवहारी आहे: एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, नुसत्या ढिगाच्या बाबतीत असे होत नाही. मात्र अवयवीला खरे मानण्याची किंमतही न्याय-वैशेषिकांना मोजावी लागली. एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि नवे उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागले. ‘हे तेच’ ही ओळख अशा वेळी सारखेपणामुळे होते. हा नियम काटेकोर लावला तर रॅमची एक पट्टी बदलताच संगणक नवा ठरतो. वस्तूच्या अखंडपणावर ज्यांचा सर्वांत ठाम विश्वास, त्यांचेच उत्तर सर्वांत कडक निघते.

बौद्धांचे उत्तर उलट दिशेने जाते. टिकून राहणारी वस्तू मुळात नसतेच. असतो तो क्षणांचा प्रवाह, ज्यात प्रत्येक क्षण पुढच्याला जन्म देऊन संपतो. या प्रवाहाला ते संतान म्हणतात. संगणकाच्या पोटात डोकावले तर या मताला अनपेक्षित आधार मिळतो. रॅममधला प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो वाचून पुन्हा लिहावा लागतो. पडद्यावर स्थिर दिसणारे पान आत सेकंदाला पंधराहून अधिक वेळा नव्याने लिहिले जात असते. एसएसडीचा कंट्रोलरही झीज सारखी व्हावी म्हणून माहिती एका जागेवरून दुसरीकडे हलवत राहतो. फाइलला हात न लावताही तिची जागा बदलते. म्हणजे इथे टिकणे हेच मुळी पुन्हापुन्हा घडणे आहे.

मग माहितीचे सातत्य हीच संगणकाची ओळख मानावी का? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथात घातलेल्या प्रकरणात व्यक्तीची ओळख शरीरापेक्षा जाणिवेच्या आणि स्मृतीच्या सातत्यावर ठरवली. नव्या फोनवर जुना बॅकअप चढवला की तो ‘आपला’ वाटू लागतो आणि फॅक्टरी रीसेट केलेला जुना फोन परका वाटतो, तेव्हा वापरणारा नकळत लॉकच्याच बाजूने बोलत असतो. अडचण येते ती नकलेपाशी. डिस्क क्लोन करून मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच यंत्राला जोडल्या, तर दोघींची सही, म्हणजे डिस्क ओळखण्याची खूण, एकच निघते. विंडोज अशा वेळी एकीला ‘ऑफलाइन’ ठेवते आणि तिला चालू करायचे तर नवी सही देते. तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये नेमका हाच पेच टाकला होता: जहाजाच्या काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? सातत्य दोन फांद्यांत विभागता येते, पण ‘तोच’पणा दोघांना एकदम देता येत नाही.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना मात्र या पेचात अडकून चालत नाही. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, साध्या ग्राहकाच्या परवान्याची सांगड यंत्रातल्या भागांशी घातली गेली. यंत्रासोबत आलेला परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो. रॅम किंवा डिस्क बदलली तर चालते, मदरबोर्ड बदलला की संगणक बहुधा नवा धरला जातो. हा निसर्गाचा नियम नव्हे, व्यवहारासाठी आखलेली रेघ आहे. विमा, वॉरंटी किंवा चोरीची तक्रार यांसाठी तीच रेघ वेगळीकडे पडते.

इथे एक लोकप्रिय दृष्टान्त तपासायला हवा. हार्डवेअर म्हणजे देह आणि सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा, असे प्रवचनांतही ऐकू येते. जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा गीतेतला विचार त्याला जोडला जातो. परंपरेच्याच कसोटीवर हा दृष्टान्त टिकत नाही. सांख्यांच्या मते मन, बुद्धी आणि संस्कार ही सगळी प्रकृतीच्या, म्हणजे जडाच्या बाजूला येतात. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, त्यांचा केवळ साक्षी असतो. त्या हिशेबाने सॉफ्टवेअर फार तर सूक्ष्म शरीराच्या जवळ जाईल. ते लिहिता येते, पुसता येते, हवे तितक्या प्रतींत काढता येते. वेदान्तातल्या आत्म्याला यांतले काहीच लागू नाही.

तेव्हा संगणकापुरता निकाल नागसेनाच्या बाजूने द्यावा लागतो. संगणक ‘तोच’ आहे की नाही, हे भाग, रचना किंवा माहिती यांपैकी एकटे कोणीच ठरवत नाही. कोण कशासाठी विचारतो आहे, यावर ते ठरते. हा निकाल माणसालाही लागू होतो का, हा वाद मात्र यातून मिटत नाही. संगणकाची ओळख नेहमी बाहेरचा कोणीतरी पटवतो. माणसाच्या बाबतीत ‘तोच मी’ असे आतून म्हणणारा कोणी आहे की तेही प्रवाहाला दिलेले नावच, यावर नैयायिक आणि बौद्ध शेवटपर्यंत एकमत झाले नाहीत.