कुस्कोचं तिकीट

वडूजच्या एका मुलीनं नर्सिंग पुरं करून पुण्यात नोकरी धरली होती. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाच्या ताटावरच तिनं आजोबांना सांगून टाकलं, "आबा, पेरू देशात चाललेय. कुस्को नावाचं शहर आहे. तीन आठवडे. सकाळी दवाखान्यात सेवा, दुपारी शहर बघायचं, शेवटी माचू पिचू."

आबांना कौतुक वाटलं. नकाशा मागवून त्यांनी कुस्को शोधलं. मग विचारलं, "तिथल्या म्हातारीला कुठं दुखतंय, हे तू कोणत्या भाषेत विचारणार?"

"दुभाषी असतात की."

"म्हणजे तुझ्या मदतीला आणखी एक माणूस लागणार."

पोरगी हिरमुसली. तेव्हा आबांनी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट काढली. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात कोटणीस होते. वय सत्तावीस. तिथं असतानाच वडील गेल्याचं कळलं, तरी ते थांबले. चिनी बोलायला-लिहायला शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, त्यांनी संसार मांडला. पथकातले बाकीचे चौघे पुढं मायदेशी परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले.

"त्याच साली स्वातंत्र्याच्या चळवळीत आपल्या वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, ती ९ सप्टेंबर," आबा म्हणाले. "वडगावच्या परशुरामांसह नऊ जण पडले, त्याला बरोबर तीन महिने झाले होते. पोरी, सगळ्यांनी जीव द्यावा असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्यासाठी जायचं, त्यांच्यातलं होऊन जावं."

मुलीनं तिकीट रद्द केलं. पैसे थोडे बुडाले. वर्षभर संध्याकाळी स्पॅनिश शिकली, रजा साठवली आणि सहा महिन्यांसाठी गेली.

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. विरळ हवेनं पहिले दिवस डोकं ठणकत होतं, जिना चढवत नव्हता. सेवा करायला गेलेली मुलगी अंथरुणात, आणि दवाखान्यातली झाडूवाली बाई तिला कोकाच्या पानांचा चहा आणून देतेय! त्या बाईनं असं सांभाळलं नसतं तर ती पहिल्याच आठवड्यात परत फिरली असती.

कामावर गेली तर दुसरीच अडचण. डोंगरातल्या म्हाताऱ्या केचुआ बोलत. वर्षभर घोटलेली स्पॅनिश त्यांच्यापुढं लंगडी पडली. तिनं वही काढली आणि त्या झाडूवाल्या बाईपाशी बसून केचुआ शिकायला लागली. सुरुवातीला दवाखान्यानं तिला केसपेपर लावायला आणि पाणी उकळायला दिलं. तेही तिनं मनापासून केलं. हळूहळू म्हाताऱ्या तिलाच हाक मारू लागल्या.

शहर बघायचंही राहिलं नाही. एका रविवारी त्या बाईनं तिला इंकांच्या भिंती दाखवल्या. चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या अंगानं घडवलेला. एका दगडाला तर बारा कोन! इंकांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या पायावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला होता. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या जुन्या भिंती मात्र टिकल्या. बाई हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात जो अभिमान होता, तो कुठल्या वाटाड्याकडून विकत मिळाला नसता. माचू पिचूलाही ती बाईच्याच कुटुंबाबरोबर गेली.

खटाव-माणच्या मुलामुलींनी जग जरूर बघावं, दूरदेशी सेवेलाही जावं. फक्त विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथली भाषा शिकायला घ्यावी, आणि निदान काही महिने राहता येईल एवढी रजा साठवून निघावं.