मधली पाचशे वर्षे

भंडारा जिल्ह्यात धानाची खरेदी सुरू झाली की काट्यावरचा आकडा किलोवर थांबत नाही. बिंदू येतो, त्यापुढे ग्रॅम येतात. शेतकऱ्याची नजर त्या बिंदूपुढच्या अंकांवरही असते, कारण पोत्यामागे थोडे थोडे गेले तरी हंगामाअखेरीस ते बरेच होते. याच जिल्ह्यात शहापूरला, महामार्गालगत, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुले संगणकासाठी अल्गोरिदम लिहायला शिकतात. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरून हे नाव पडले, हे अभ्यासक्रमात कुठेतरी एका ओळीत येत असेल. त्या ओळीवर थांबायला मात्र कोणाला वेळ नसतो.

आपल्याला सांगितली जाते ती गोष्ट फार छोटी आहे. भारताने शून्य दिले, पाश्चात्त्यांनी ते घेतले आणि पुढे गेले. यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्यासह गणिताचे नियम लिहिले. युरोपात भारतीय अंकांचा सविस्तर परिचय करून देणारा लिओनार्दो फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा आहे. मधल्या पाचशेहून अधिक वर्षांत हे अंक कुठे होते, कोणाच्या हातात होते, त्या हातांनी त्यांचे काय केले, हा प्रश्न आपल्या गोष्टीत येतच नाही. फार तर अरबांनी ते तिकडे पोहोचवले, असे म्हणून आपण त्यांना टपालवाल्याची जागा देतो.

टपालवाला पत्र उघडत नाही. अरबी भाषेत लिहिणाऱ्या या पंडितांनी ते उघडले, वाचले आणि त्यात स्वतःची पाने घातली. आठव्या शतकात खलिफा अल्-मन्सूरच्या दरबारी सिंधमधून एक शिष्टमंडळ खगोलाचा संस्कृत ग्रंथ घेऊन गेले आणि त्यावरून अरबी सारण्या तयार झाल्या. ख्वारिझ्मीने हिंदू अंकगणितावर पुस्तक लिहिले. त्याचे अरबी मूळ हरवले आहे. आज ते कळते केवळ लॅटिन रूपांतरांवरून. त्याचे बीजगणित त्याहून महत्त्वाचे. वर्गसमीकरणांचे प्रकार पाडून प्रत्येकाची रीत त्याने दिली, आकृतीने सिद्धही केली, आणि या विद्येचा उपयोग वारसाहक्क, वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांत आहे हे स्पष्ट सांगितले. दमास्कसमध्ये 952 च्या सुमारास अल्-उक्लिदिसीने दशांश अपूर्णांक वापरले. धुळीच्या पाटीवर आकडे पुसत करायचे गणित त्याने कागद-शाईवर न पुसता करून दाखवले. युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार सायमन स्टेविनच्या 1585 च्या पुस्तिकेने झाला. धानाच्या काट्यावरच्या बिंदूचा इतिहास सांगायचा तर दमास्कस वगळून तो सांगता येत नाही.

वैद्यकाचे तेच. हारून अल्-रशीदच्या काळात चरक-सुश्रुतांचे अरबीत रूपांतर झाले. अल्-राझीने आपल्या प्रचंड वैद्यककोशात त्यांचे दाखले दिले, आणि तो कोश फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने 1279 मध्ये लॅटिनमध्ये आणला. म्हणजे चरकाचे नाव युरोपच्या वैद्यांपर्यंत पोहोचले ते अशा अरबी ग्रंथांतून. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ तोलेदोमध्ये लॅटिनमध्ये आला आणि सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. इब्न अल्-हैथमच्या प्रकाशशास्त्रावर रॉजर बेकन शिकला, केपलरही.

यांतले बरेच जण वंशाने अरब नव्हते, आणि सगळे मुस्लिमही नव्हते. ख्वारिझ्मीचे मूळ ख्वारिझ्ममधले, राझी तेहरानजवळच्या रयचा, इब्न सीना बुखाऱ्याकडचा; ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारा हुनैन ख्रिस्ती होता. अरबी ही त्या सगळ्यांची कामाची भाषा होती. संस्कृती रक्ताने मोजायची नसेल, तर या कामाला अरबी संस्कृतीचे काम म्हणण्यात काहीच चूक नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. अरब प्रवासी अल्-मसूदी 916 च्या सुमारास कोकणातल्या चौलला आला होता आणि तिथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवले आहे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके 848 चा, म्हणजे 926 चा ताम्रपट तर प्रत्येक मराठी मुलाने वाचावा असा आहे. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचे नाव त्यात मधुमती असे येते. मुहम्मदचे ते संस्कृत रूप. त्याने नदीवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठिकेला गाव दान दिले.

संबंध इतका जवळचा होता. तरीही चाळीसगावजवळच्या पाटण इथला 1207 चा शिलालेख पाहिला की मन खिन्न होते. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले. फिबोनाचीच्या ग्रंथानंतर अवघ्या पाच वर्षांनी. इटलीतल्या पिसा शहरचा तो मुलगा उत्तर आफ्रिकेतल्या बुजी बंदरात हे अंक शिकला, ते भारतीयांचे आहेत असे त्याने आरंभीच लिहिले. इकडे भास्कराचार्यांसारख्या प्रज्ञावंताच्या ग्रंथांत ख्वारिझ्मीचे नाव नाही. चौलला गलबते येत होती, संजाणला कारभारी अरब होता, पण बगदादची पुस्तके पाटणपर्यंत आली नाहीत. आपण दिले, परत घेतले नाही. भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरूनीने हे त्याआधीच, अकराव्या शतकात, हेरले होते. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची धूळधाण केली असे त्याने लिहिले, आणि इथल्या पंडितांना दुसरीकडे विद्या असते हे मान्यच नसते, असेही. लगेच त्याने वराहमिहिराचा दाखला दिला: यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी त्यांना ज्योतिषशास्त्र येते म्हणून ते ऋषींसारखे पूज्य. आपल्या पूर्वसूरींचे मन मोठे होते, असे त्याचे म्हणणे.

आक्रमकांचे कौतुक कशाला, असा आक्षेप यावर येतो आणि तो मी झटकून टाकणार नाही. सैन्याने केलेला विध्वंस लपवण्याचे कारण नाही. खुद्द बिरूनीने लपवला नाही. पण दमास्कसमध्ये बसून अपूर्णांक मांडणाऱ्याने कोणते देऊळ पाडले?

मला अधिक बोचते ते वेगळेच. ग्रीस, मग अंधारयुग, मग एकदम प्रबोधन, ही गोष्ट युरोपने स्वतःच्या सोयीने रचली. ग्रानाडात अरबी ग्रंथांची होळी करणारे हात त्याच युरोपचे होते, आणि त्यातून वैद्यकाचे ग्रंथ तेवढे वाचवणारेही तेच. इंग्रजी शिक्षणातून ही गोष्ट आपल्याकडे आली. वसाहतवादी इतिहास झुगारल्याचे सांगताना आपण फक्त ग्रीसच्या जागी भारत घातला आणि मधली गाळलेली पाने तशीच गाळली. त्यांच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी चोरी आपण अभिमान म्हणून मिरवतो आहोत.

शिक्षकांना माझी विनंती आहे. 22 डिसेंबरला गणित दिन साजरा करताना ब्रह्मगुप्तानंतर ख्वारिझ्मी, उक्लिदिसी आणि फिबोनाची ही नावेही फळ्यावर लिहा. आणि मराठीतल्या अभ्यासकांनी ख्वारिझ्मीचे बीजगणित व चिंचणीचा ताम्रपट शाळकरी मुलांना वाचता येईल अशा मराठीत, टिपांसह, स्वस्त पुस्तिकांमधून आणावेत.