गाडी माझी, रस्ता कोणाचा?

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. तरी वेगाची हौस असलेली पोरं आजही तीच शोधत फिरतात. ती हलकी आणि स्वस्त आहे, शिवाय तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन काढून एस्टीमचं १३०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवता येतं. माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग, रेडिएटर असं सगळं नव्याने जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात खरी कला असते. मग सरळ रेषेत ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, आधी कोण पार करतो ते बघायचं. ही ड्रॅग रेस.

यात वाईट काय आहे? ‘कायद्यात बसत नाही’ हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे फेरफार रोखतं आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. पण कायदे बदलतात. आपला शंकरपट २०१४ मध्ये बंद झाला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणून कायदा घटकाभर बाजूला ठेवू आणि कृतीकडेच बघू.

पोरांचं म्हणणं असतं, “गाडी माझी, पैसा माझा, जीव माझा.” पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरी अर्धीच खरी, कारण त्या जिवावर घरच्यांचाही हक्क असतो. पण चौथी गोष्ट कुणी बोलतच नाही. रस्ता कोणाचा?

धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा आपल्या जिल्ह्यातून जातो. रुंद, सरळ, आणि रात्री मोकळा वाटणारा. तो फक्त वाटतो मोकळा. हंगामात त्याच्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्याही असतात, आणि बैलगाडीला मागे दिवा नसतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. पुढचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. इंजिन बदललं आणि ब्रेक ८०० चेच राहिले, तर त्या चौपटीची जबाबदारी कोणावर?

शंकरपटाच्या वादात मुद्दा बैलाचा होता. त्याला कुणी विचारलेलं नसतं, तो ‘हो’ म्हणू शकत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत तसा न विचारलेला माणूस असतो. दोन्ही गाड्यांमधल्या पोरांनी धोका पत्करलेला असतो. समोरच्या बैलगाडीवाल्याने नाही. वेगात वाईट काही नाही. दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता पणाला लावणं वाईट आहे.

यावर एक तक्रार रास्त आहे. “मग आम्ही पळवायची कुठे?” अमेरिकेतही पोरं रस्त्यावरच शर्यती लावायची. तिथे १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना उभी राहिली, तिने त्यांना धावपट्टी दिली, नियम दिले, गाडी तपासायची सवय लावली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ होत आली आहे. पण बीडच्या पोराला लोणावळा लांब पडतं आणि खिशालाही परवडत नाही. म्हणजे तीच हौस पैसेवाल्याने केली तर खेळ आणि गरिबाने केली तर गुन्हा. हा अन्याय आहे, आणि त्याबद्दल मोठ्याने बोललं पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने शंकरपटासाठी रान मोकळं होतं, तर गाड्यांसाठी एखादी बंदिस्त पट्टी मागायला काय हरकत आहे?

पण आपल्यावरच्या अन्यायाची वसुली कोणाकडून करायची? ज्याला लोणावळा परवडत नाही, त्याच्यापेक्षाही कमी पर्याय असलेला माणूस त्या बैलगाडीवर बसलेला आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन घर सोडणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांसारखा. पोराने रात्री रस्त्यावर यायचं स्वतः ठरवलेलं असतं. त्याला मात्र कारखान्याच्या पाळीने रस्त्यावर आणलेलं असतं. पट्टी मिळेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये थांबू शकते. त्याला थांबता येत नाही.