उरल्या वेळाचा धनी

दुधाच्या पैशाला आमच्याकडं 'दुधाचा पगार' म्हणतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी नोकरीचं तोंड पाहिलेलं नाही, त्या घरातली बाईसुद्धा किराणावाल्याला सांगते, "लिहून ठेवा, पगार झाला का देते." आणि ज्यांना महिन्याच्या महिन्याला खराखुरा पगार मिळतो ते गोठ्याकडं हात करून म्हणतात, "काही नाही, आपलं जोडीला." गाय तीच, दूध तेच, डेअरीचा काटा तोच. एका घरात तो पगार, दुसऱ्या घरात जोड. कागदावर आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यात हा फरक मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यात एक प्रश्न दडलेला आहे असं मला फार उशिरा वाटायला लागलं. माणसानं आठ तास विकले, म्हणजे उरलेले सोळा त्याचे झाले का?

आपल्या भाषेनं याचं उत्तर अर्धवट देऊन ठेवलंय. 'वरकमाई' म्हटलं की बोलणारा आवाज खाली घेतो. 'जोडधंदा' म्हटलं की तोच माणूस छाती पुढं काढतो. पैसे दोन्हीकडं पगाराच्या वरचेच. मग नेमकं काय बदलतं?

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकला आणि १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या धडपडीतून सहकारी कारखाना उभा राहिला; पुढं जिल्ह्यात गावाआड धुराडी दिसायला लागली. त्यांतल्याच एकात अण्णा गव्हाणीवर होते. गव्हाण म्हणजे जिथं ऊस पडतो आणि साखळीवरून आत ओढला जातो ती जागा. दिवाळीच्या आगंमागं बॉयलर पेटला की उन्हाळा लागेपर्यंत पाळ्या; नंतर घरी. बिगरहंगामात पगाराचा काही हिस्सा 'रिटेन्शन' म्हणून मिळायचा. तेवढ्यावर पाच तोंडं भागणं शक्य नव्हतं. म्हणून दीड एकराच्या तुकड्याच्या कडंला गोठा आला. १९७२ च्या दुष्काळानं नुसत्या पिकावर जगणाऱ्यांचे डोळे उघडले होते. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' काढली, त्यानंतरच्या वर्षांत संकरित गाई खेड्यापाड्यात पोचल्या. रंगानं काळी-पांढरी, म्हणजे होल्स्टिनच्या रक्ताची असली तरी आमच्याकडं ती 'जर्शी'च.

अण्णांनी गोठ्यात तीन गाई ठेवल्या. चौथी कधी घेतली नाही. पुष्कळांनी सांगून पाहिलं. कारखान्यातल्या काहीजणांकडं सहा-सहा, आठ-आठ जनावरं होती आणि त्यांतले काही रातपाळीत भुश्शाच्या ढिगाआड गोणपाट अंथरून पडत. अण्णांना ते पटत नसे. म्हणायचे, "आठ तास आपण इकलेत ना? मंग माल पुरा मोजून द्यावा. झोपलेला गडी म्हंजे कमी भरलेलं पोतं." त्यांचा हिशेब साधा होता. जोडधंदा एवढाच करायचा, की मूळ कामातला घास तो खाणार नाही.

या हिशेबापुढं कायदासुद्धा मला अपुरा वाटतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले, त्यावरच्या कामाला दुप्पट दर लावला, आणि एका कारखान्यात दिवस भरलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात कामाला घेऊ नये असंही सांगितलं. कायद्याला कळलं होतं, की शरीर एकच आहे. पण शेत म्हणजे कारखाना नव्हे, गोठाही नव्हे. कारखान्यातल्या नवव्या तासाला दुप्पट दाम. गोठ्यातल्या नवव्या तासाला मात्र डेअरीचा फॅट आणि डिग्री बघून जो दर बसेल तो. आणि दर पडले तर पेंडीचे पैसेसुद्धा निघत नाहीत. तरी माणूस तो तास आनंदानं देतो. तिथं मुकादम नसतो, एवढंच नाही. तिथं तो स्वतः धनी असतो. ही धनीपणाची चव फार महागात पडते, पण ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

आमच्या गावात दोन गुरुजी होते. पहिल्यांची पिठाची गिरणी होती. सरकारी नोकराला परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, म्हणून ती कागदोपत्री त्यांच्या मंडळींच्या नावावर. पण शाळा सुटल्यावर पट्टा चढवायला गुरुजीच. केसांवर, भुवयांवर पीठ. पोरं मागून 'पीठमास्तर' म्हणायची. दुसरे गुरुजी टापटिपीचे. ते संध्याकाळी ओसरीवर शिकवणी घेत, आणि शिकवणीला येणारी पोरं त्यांच्याच वर्गातली असत. गावात मान या दुसऱ्यांना. शिकवणं हे कसं गुरुजींना शोभणारं काम! मला मात्र हा न्याय उफराटा वाटतो. गिरणीवाल्या गुरुजींनी शाळेबाहेरचा वेळ आणि अंगमेहनत विकली. शाळेचं त्यात काही गेलं नाही. ओसरीवाल्यांनी जी वस्तू सरकारला एकदा विकली होती, तीच दुसऱ्यांदा पोरांच्या बापांना विकली. आणि दुसरं गिऱ्हाईक यावं म्हणून पहिला माल जरा हातचा राखून दिला असणार, ही शंका कुणाला आली तर तिला काय उत्तर? पुढं २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी घातली. वरकमाई आणि जोडधंदा यांच्यातली वरंबा-सरी मला इथं दिसते. कायदा कुठला मोडला हे मागाहून बघावं. आधी बघावं, की विकलेलीच गोष्ट पुन्हा विकली का.

पण हेही पुरं पडत नाही. अण्णांच्या तीन गाई खायच्या काय? हंगामात त्या खायच्या वाढं. उसाचा शेंडा, हिरवा पाला. तो यायचा ऊसतोडीच्या टोळ्यांकडून. पाथर्डी-शेवगावकडची, पलीकडं बीडची माणसं बिऱ्हाड घेऊन यायची. त्यांच्यात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून. पहाटे फडात, दिवसभर तोड, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. उजाडल्यापासून वाकलेली ती बाई गाडी भरून झाल्यावर वाढ्याच्या पेंढ्या बांधून रस्त्याच्या कडंला विकायला बसायची. तिचाही तो जोडधंदाच! उचल मुकादमाकडून आधीच खर्चून झालेली, तोडीचे पैसे त्यात वळते व्हायचे. हातात रोख पडायची ती या पेंढ्यांचीच. मीठ-मिरची, लेकराचं औषध त्यातनं.

आणि या वाढ्यावरूनच फडात तंटे व्हायचे. बागायतदार म्हणायचा, ऊस माझा तर शेंडाही माझा. माझ्या बैलांपुरतं आधी टाका. तोडणारी म्हणायची, कारखान्याला शेंडा नको, तुम्ही तो मोजून विकत नाही, आम्ही छाटला, बांधला, मग तो आमचा. अर्धं तुम्हाला, अर्धं आम्हाला असं करून भांडण मिटायचं. मला तो वाद नुसता पाल्याचा वाटत नाही. मुख्य व्यवहार झाल्यावर जे उरतं ते कुणाचं? ज्याची मालकी त्याचं, की ज्यानं वाकून ते गोळा केलं त्याचं? वेळेचंही तसंच आहे.

लोक म्हणतात, पूर्वी असं नव्हतं. उरला वेळ लोक एकमेकांना देत. इर्जिक असायची, एकाच्या नांगरटीला दहा जणांचे बैल जायचे, मोबदला म्हणजे संध्याकाळचं जेवण. सावड असायची, आज तुझी खुरपणी, उद्या माझी. तासाला किंमत आली आणि सावड गेली, हे खरंच आहे. पण मी यावर उसासे टाकत नाही. सावडीला जायला आधी स्वतःचं रान लागतं. ज्यांना रान नव्हतं, महारकीच्या वतनात ज्यांना रात्री-अपरात्री कुणीही हाक मारून टपाल घेऊन धाडायचं, त्यांच्याकडं उरलेला वेळ अशी चीजच नव्हती. तो गावानं आधीच घेतलेला. ती वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडल्यावर, १८९० मध्ये. आज सुप्याच्या एमआयडीसीत पाळी करून रात्री शिर्डीच्या रस्त्यावर दुसऱ्याची गाडी चालवणारं पोरगं म्हणतं, "सुट्टीचा वेळ माझा हाय, मी इकीन न्हाईतर झोपीन." त्याला मी कशाला अडवू? कुणीतरी तो वेळ त्याच्या हातात आणून दिलाय. फक्त एकट्या पगारात भागत नाही म्हणून तो विकावा लागत असेल, तर त्याला मर्जी म्हणायची की नाही, एवढं तरी आपण विचारावं. माझ्या मते, बारा तास खपून जो झोप विकतो त्याचा पहिला पगारच कमी भरलेलं पोतं आहे.

आता आईचं. अण्णांच्या सचोटीचं मी इतकं सांगितलं, पण चौथ्या गाईचा विषय एकदा घरात निघाला तेव्हा ती चुलीपुढून म्हणाली होती, "चौथ्या गाईची धार तुमच्या झोपंतनं थोडीच निघायचीय? माझ्या झोपंतनं निघायची." अण्णा पाळीला जात आणि येत. गाईंना पाळी नव्हती. पहाटेची धार, शेण, वैरण, वासरं, डेअरीला किटली, पुन्हा संध्याकाळी तेच. दिवाळीला नाही, बाळंतपणाला नाही, कशालाच सुट्टी नाही. अण्णा ज्याला 'माझा जोडधंदा' म्हणत, त्यातले बहुतेक तास तिचे होते. तिला ना आठ तासांची विक्री, ना उरलेले सोळा. डेअरीचं पासबुक मात्र अण्णांच्या नावावर, कारण सभासद ते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर एके दिवशी आई स्वतःच डेअरीत गेली आणि खातं तिच्या नावावर करायला सांगितलं. सचिवानं विचारलं, "का हो, मालकांचं काही वाजलं का?" ती म्हणाली, "न्हाई. धार मी काढते." एवढंच. अण्णांनी फॉर्मवर सही केली. चिडले नाहीत, बोललेही नाहीत काही. दोन दिवस गोठ्यात जरा जास्त वेळ दिसले. पुढच्या पगाराला पेंडीचं पोतं आणायचं होतं, तेव्हा पायरीवर बसून तंबाखू मळता मळता त्यांनी विचारलं, "तुझा पगार झाला का गं?"