एंजिनाची किंमत

माझा पुतण्या इंग्लंडात ॲबिंग्डनला असतो. १९६२ ते १९८० पर्यंत तिथेच एम.जी.बी. ही छोटी स्पोर्ट्‌स मोटार तयार होई. त्याने वृद्ध शेजाऱ्यांकडून तशी एक घेतली आणि तिचे १७९८ सी.सी.चे, चार सिलिंडरांचे एंजिन काढून रोव्हरचे ३५२८ सी.सी.चे, आठ सिलिंडरांचे बसवले.

“काका, एंजिन स्वस्तात मिळालं!” तो म्हणाला. पण नवरदेवामागून वऱ्हाड यावे तसा एंजिनामागून गिअरबॉक्स आला, रेडिएटर आला, एक्झॉस्ट आला. वेग वाढला म्हणून ब्रेकही आले. हिशेब एंजिनाच्या कित्येक पटींनी वाढला.

तरी खरा खर्च मला निराळाच वाटला. एके संध्याकाळी गाडी दारात आली. शेजारी बागेतच होते. त्यांनी मान वर केली नाही. तीस वर्षे ज्या आवाजावर त्यांचे कान होते, तो आवाज आता उरला नव्हता.

आपल्या वस्तूत फेरफार करण्याचा हक्क मालकाला आहेच. खुद्द कारखान्यानेही १९७३ साली हेच रोव्हरचे एंजिन घालून गाडी काढली होती. पण हक्क असला म्हणजे ऋण फिटते, असे थोडेच आहे?

पुतण्याने जुने एंजिन विकलेले नाही. तेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून ठेवले आहे. का, ते मी विचारले नाही.