दोष कोणाचा?

ओठापासून डोळ्यापर्यंत चेहरा दुभंगलेले मूल जन्मास आले, की आईला विचारतात, "ग्रहणात काही चिरलेस का?" जन्मांधाला पाहून शिष्यांनीही कोणाचे पाप म्हणून विचारले होते, प्रभूने त्याला दृष्टी दिली. फ्रेंच शल्यविशारद पॉल टेसिए यांनी १९७६ साली अशा दुर्मिळ फटींना डोळ्याच्या खोबणीभोवती ० ते १४ क्रमांक दिले. चेहऱ्याचे भाग गर्भात पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळतात. एखादी सांधणी का राहते, हे पुष्कळदा कळत नाही. मूल वाढेल तशा शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागतात, व्रणही राहतो. शल्यवैद्य कातडे व हाड सांधील. आईवरचा ठपका कोणी पुसावा? आम्हांस वाटते, ते काम मंडळीचे आहे. शिक्षकहो, असे मूल शब्बाथशाळेत आले, तर त्याला पुढच्या रांगेत बसवा.